रस्त्याचा हक्क पहिला

ज्या महाराष्ट्राने देशाला लक्षावधी मोटारी बांधून दिल्या, त्या महाराष्ट्रातील मोटारप्रेमी माणसाला आपली गाडी तिच्या पूर्ण सामर्थ्यानिशी आणि तरीही इतरांच्या जिवाला धोका न पोहोचवता चालवून पाहावयाची असेल, तर त्याला आजही बहुधा प्रांताबाहेरचीच वाट धरावी लागते. कोइम्बतूरजवळचा सुमारे २.१ किलोमीटर लांबीचा कारी मोटर स्पीडवे, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून चालू असलेला सुमारे ३.७ किलोमीटरांचा मद्रासचा ट्रॅक आणि २०११ साली ग्रेटर नोएडात सुरू झालेला ५.१२५ किलोमीटरांचा बुद्ध सर्किट हे देशातील प्रस्थापित ट्रॅक होत, आणि यांपैकी प्रत्येक ठिकाण पुण्याहून हजार किलोमीटरांपेक्षा दूर आहे. तेथवर गाडी ट्रेलरवर लादून नेण्याची ऐपत फार थोड्यांची असते. बाकीचे लोक ज्या गाडीने एरवी कचेरीत जातात तीच गाडी महामार्गाने चालवत नेतात, दिवसभर ट्रॅकवर फिरवतात आणि तिच्यातूनच घरी परततात. एकाच यंत्राकडून दोन सर्वस्वी भिन्न सेवांची अपेक्षा करणाऱ्या या मंडळींची संख्या मोठी नसेल, परंतु ती वाढते आहे.

या मंडळींपुढे कधी ना कधी उभा राहणारा प्रश्न म्हणजे सस्पेंशनचा. कारखान्यातून आलेले सस्पेंशन ट्रॅकवर मऊ वाटते, वळणावर गाडी झुकते, ब्रेक दाबताच तिचे नाक खाली जाते, आणि मग उंची व कडकपणा कमीअधिक करता येईल असा कॉइलओव्हरचा संच घ्यावा, असा विचार मनात येतो. बाजारात असे संच काही हजारांपासून काही लाखांपर्यंत मिळतात, आणि त्यांची निवड बहुतांशी दोनच कसोट्यांवर केली जाते : गाडी किती खाली बसते, आणि कडकपणा बदलण्याचे टप्पे किती आहेत. माझ्या मते या दोन्ही कसोट्या फसव्या आहेत. जी गाडी आपल्या आयुष्यातील बहुतेक सारे अंतर सार्वजनिक रस्त्यावर काटते, तिच्या सस्पेंशनवर पहिला हक्क रस्त्याचाच असला पाहिजे. ट्रॅकच्या गरजा त्या हक्काला बाध न येईल अशा मर्यादेत भागवाव्यात, आणि तसे केल्याने ट्रॅकवरही सामान्य चालकाचे नुकसान होत नाही, हे मला या लेखात मांडावयाचे आहे.

सस्पेंशनचे आद्य कर्तव्य टायरला जमिनीपासून सुटू न देणे हे होय. आत बसलेल्यांची सुखसोय आणि गाडीचा डौल या त्यानंतरच्या गोष्टी. या कर्तव्याचे शास्त्र घडवणाऱ्यांमध्ये मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याचे नाव अग्रगण्य आहे. रोल्स-रॉइसमधील अनुभव गाठीशी घेऊन १९३० साली तो अमेरिकेतील कॅडिलॅककडे गेला, आणि तेथे एका मोठ्या गाडीवर हलवता येणारी वजने लादून, निरनिराळ्या स्प्रिंगांनिशी ती चालवून, त्याने असा निष्कर्ष काढला की मागील बाजूची आंदोलनगती पुढील बाजूपेक्षा किंचित अधिक ठेवली, तर उंचवट्यावरून गेल्यावर गाडी डोलत न राहता सपाट होऊन स्थिरावते. तेव्हापासून सस्पेंशनचा अभ्यास करणारा मनुष्य स्प्रिंग किती किलोची आहे एवढेच विचारून थांबत नाही. त्या स्प्रिंगवर त्या गाडीचा तो कोपरा सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, हे विचारतो.

साधारण प्रवासी मोटारीत ही आंदोलनगती सेकंदाला सव्वा ते दीडच्या आसपास असते. वेगाच्या शौकासाठी बांधलेल्या रस्त्यावरच्या गाड्यांत ती दीड ते दोन, आणि हवेच्या दाबाचे साहाय्य नसलेल्या शर्यतीच्या गाड्यांत दोन ते अडीचपर्यंत जाते. आकडे जवळजवळचे भासतात, पण आंदोलनगती स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढत असल्यामुळे १.२ वरून २ वर जावयाचे म्हणजे स्प्रिंग जवळजवळ पावणेतीन पट कडक करावी लागते. शिवाय १.२ गतीची स्प्रिंग नुसत्या गाडीच्या भाराखाली सुमारे १७० मिलिमीटर दबलेली असते, तर २ गतीची जेमतेम ६२ मिलिमीटर. खड्ड्यात चाक खाली उतरते तेव्हा स्प्रिंग जेवढी दबलेली असते तेवढ्याच अंतरापर्यंत ती चाकाला जमिनीकडे ढकलू शकते. म्हणून कडक स्प्रिंगची गाडी आपल्या खड्ड्यांवर चाक हवेत ठेवून जाते, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही की वळणही घेता येत नाही. तेव्हा ट्रॅकच्या गुळगुळीत डांबरावर जी पकड देते, तीच स्प्रिंग पावसाळ्यानंतरच्या जिल्हामार्गावर पकड हिरावून घेते. येथे प्रश्न पाठीच्या कण्याला बसणाऱ्या हिसक्यांचा नाही, सुरक्षिततेचा आहे.

उंचीची गोष्ट याहून नाजूक आहे. पुण्याजवळ चाकण येथे बांधली गेलेली आणि २०१० पासून २०२२ पर्यंत आपल्याकडे विकली गेलेली फोक्सवॅगन पोलो ही छंदिष्टांची आवडती गाडी असल्याने तिचेच उदाहरण घेऊ. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत आणि मागे दोन्ही चाके जोडणारी टॉर्शन बीम आहे. अर्ल मॅकफर्सनने विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केलेल्या या स्ट्रटची रचना स्वस्त, आटोपशीर आणि टिकाऊ आहे. तथापि गाडी जशी खाली आणावी तसा तिचा खालचा आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे वर कलतो. ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडीचा पुढचा भाग वळणावर झुकतो तो रोल सेंटर मग गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जलद खाली सरकतो, आणि दोहोंमधील अंतर वाढल्याने गाडीची झुकण्याची प्रवृत्ती कमी होण्याऐवजी बळावते. चाक वर दबताना त्याला आत कलवून टायरचा तळ जमिनीवर सपाट ठेवणारा कॅम्बरचा लाभही त्याच वेळी नाहीसा होतो. म्हणजे चाळीस-पन्नास मिलिमीटर खाली बसवलेली पोलो रस्त्यावर उभी असताना शर्यतीच्या गाडीसारखी दिसली, तरी वळणावर तिच्या पुढच्या टायरांची अवस्था मूळ गाडीहून वाईट होण्याचा संभव असतो.

त्यात भर पडते ती उरलेल्या हालचालीच्या अभावाची. गाडी खाली आणली म्हणजे चाकाला वर जाण्यासाठी असलेली जागा तेवढ्याने घटते, आणि वळणाच्या मध्यावर, भार सर्वांत अधिक असताना, सस्पेंशन बम्प स्टॉपच्या रबरावर जाऊन टेकते. त्या क्षणी स्प्रिंगचा कडकपणा अकस्मात कित्येक पटींनी वाढतो, त्या टायरवर एकदम बोजा पडतो आणि त्याची पकड सुटते. पुढे असे झाले तर गाडी वळायला नकार देते, मागे झाले तर तिची शेपटी घसरते. ट्रॅकवर ही चूक बहुधा वाळूत जाऊन थांबण्यावर निभावते. वरंध घाटात तिची किंमत निराळी असते.

गतिरोधकांचा विचारही तपशिलाने केला पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळखंडाचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. त्रिज्या इतकी मोठी असल्यामुळे चाकांमध्ये अडीच मीटरांचे अंतर असलेल्या गाडीच्या पोटाखाली त्याचा उंचवटा साडेचार सेंटिमीटरांच्या आसपासच येतो, आणि बरीच खाली बसवलेली गाडीही त्यावरून न घासता जावी. परंतु आपल्या गावोगावचे गतिरोधक या प्रमाणाला धरून असतात असे कोण म्हणेल? अरुंद आणि उभट गतिरोधकाची संपूर्ण उंची गाडीच्या पोटाखाली येते, आणि जमिनीपासून सुमारे १६५ मिलिमीटर उंच असलेली गाडी चार माणसे व सामान यांनी आधीच दबलेली असता, छंदापायी काढून टाकलेला प्रत्येक सेंटिमीटर तेथे मोजला जातो. यास्तव दोन्ही कामांच्या गाडीची उंची मूळ उंचीपेक्षा वीस मिलिमीटरांहून अधिक कमी करू नये, आणि शक्य तर दहा-पंधरावरच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग ॲडजस्टेबल सस्पेंशन घ्यावेच कशासाठी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर डॅम्परमध्ये, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरमध्ये आहे. स्प्रिंग भार तोलते. तिने साठवलेली शक्ती नियंत्रित रीतीने जिरवण्याचे काम डॅम्पर करतो, आणि ट्रॅकवर मूळ गाडी ज्या ठिकाणी प्रथम उघडी पडते ते ठिकाण बहुधा हेच असते. साध्या दुहेरी नळीच्या डॅम्परमधील तेल सतत घुसळले जाऊन तापते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि काही फेऱ्यांनंतर तो निष्प्रभ होऊ लागतो. क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों या फ्रेंच संशोधकाने एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू तरंगत्या दट्ट्याने विभक्त ठेवून हा दोष दूर केला, आणि १९५० च्या दशकात जर्मनीच्या बिलस्टाइनने ती रचना मर्सिडीजच्या मोटारींसाठी प्रत्यक्षात आणली. आजही ट्रॅकवर जाणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच : डॅम्पर एकनळी आहे काय, आणि तापल्यानंतर तो आपले काम करतो काय?

दुसरा प्रश्न स्प्रिंग आणि डॅम्पर यांच्या मेळाचा. स्प्रिंग पावणेतीन पट कडक केली तर आंदोलन त्याच प्रमाणात आवरण्यासाठी डॅम्परचा विरोध सुमारे १.६७ पट वाढवावा लागतो. मूळ डॅम्पर तसेच ठेवून बाजारातून नुसत्या आखूड स्प्रिंगा आणून बसवणे, हा जो स्वस्त उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो, तो म्हणूनच सर्वथा त्याज्य आहे. त्यात गाडी खाली येते, हालचालीची जागा घटते आणि ती आवरणारा मात्र पूर्वीच्याच ताकदीचा राहतो. संच घ्यावयाचा तर स्प्रिंग आणि डॅम्पर एकमेकांसाठी जुळवलेला घ्यावा. पुढे आंदोलनगती सुमारे दीड, मागे तीहून थोडी अधिक, एवढ्या स्प्रिंगा दोन्ही कामांच्या गाडीला पुरेशा आहेत.

आता फेरफाराच्या सोयींविषयी. उंची बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. स्वस्त संचांत स्प्रिंगखालची कडी फिरवली की उंची बदलते, पण तिच्याबरोबर चाकाला वर जाण्यासाठी उरलेली जागाही बदलते. दुसऱ्या पद्धतीत डॅम्परच्या बुडाची लांबीच कमीजास्त करता येते, त्यामुळे ती जागा जवळजवळ शाबूत राहते. पैसे खर्च करावयाचे असतील तर या दुसऱ्या सोयीवर जरूर करावेत. कडकपणाचा फेरफार एकाच खिट्टीने होत असेल तर ती बहुधा रिबाउंड, म्हणजे डॅम्पर लांबतानाचा विरोध, अधिक बदलते आणि दबतानाचा विरोध थोडा. दोन खिट्ट्यांच्या संचात हे दोन्ही स्वतंत्रपणे बदलता येतात. तीन-चार खिट्ट्यांच्या संचात दट्ट्याच्या मंद हालचालीतील आणि जलद हालचालीतील विरोधही वेगळे होतात. मंद हालचाल म्हणजे गाडीचे झुकणे व नाक दबणे. जलद हालचाल म्हणजे खड्डे आणि ट्रॅकच्या कडेचे कर्ब. तत्त्वतः ही विभागणी अत्यंत उपयुक्त आहे, कारण गाडी वळणावर आवरलेली असावी आणि खड्ड्यावर मात्र सैल असावी, हीच तर आपली मागणी आहे.

परंतु तंबोऱ्याच्या खुंट्या वाढवल्याने सूर लागत नाही. तो लावणाऱ्याच्या कानात असावा लागतो. कोणत्या खिट्टीने काय बदलते हे ज्याला गाडी चालवताना अंगाने कळत नाही, त्याच्या हाती तीन खिट्ट्यांचा संच दिला तर सुधारणेपेक्षा बिघाडाच्या शक्यताच अधिक वाढतात. शिवाय स्वस्त संचांतील तीस-बत्तीस टप्प्यांपैकी अनेक टप्प्यांना प्रत्यक्ष विरोधात काहीच फरक पडत नाही, किंवा डाव्या आणि उजव्या डॅम्परचा एकच टप्पा भिन्न विरोध देतो, असे प्रकार घडतात. याची खात्री करण्याचे साधन म्हणजे डॅम्पर यंत्रावर चढवून काढलेला आलेख. प्रत्येक टप्प्याला, प्रत्येक वेगाला किती विरोध मिळतो याचा हा लेखी दाखला विक्रेत्याकडे मागावा; देण्यास तो टाळाटाळ करील, तर तो माल घेऊ नये. मला विचाराल तर दहा खऱ्या टप्प्यांचा, एकाच खिट्टीचा, चारही कोपऱ्यांना सारखा चालणारा आणि आपल्याच देशात उघडून दुरुस्त करता येणारा डॅम्पर हा कागदोपत्री समृद्ध अशा कोणत्याही आयात संचापेक्षा श्रेष्ठ होय.

संच बसवण्यापूर्वीही काही कर्तव्ये आहेत. चांगले टायर, उच्च तापमानाला न उकळणारे ब्रेकचे तेल, ट्रॅकला साजेसे ब्रेक पॅड आणि झिजलेल्या बुशांची बदली या गोष्टींवर केलेला खर्च सामान्य चालकाला सस्पेंशनपेक्षा अधिक फळ देतो, आणि त्यांच्याविना घेतलेले कॉइलओव्हर म्हणजे पाया सोडून कळसावर केलेला खर्च होय. संच बसवल्यावर अलाइनमेंट नव्याने करणे अपरिहार्य आहे, कारण उंची बदलली की टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात. त्यानंतर एक वही ठेवावी. पूर्ण बंद स्थितीपासून टप्पे मोजावेत, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हवेचा दाब व तापमान यांची नोंद करावी, आणि ट्रॅक सोडून घराकडे निघण्यापूर्वी सर्व खिट्ट्या रस्त्याच्या स्थितीत परत आणाव्यात. ॲडजस्टेबल सस्पेंशनचे खरे प्रयोजन या शेवटच्या वाक्यात आहे. जो मनुष्य एकदा सर्वांत कडक टप्पा लावून वर्षभर तसाच फिरतो, त्याने फेरफाराच्या सोयीसाठी दिलेले पैसे व्यर्थ गेले.

याविरुद्ध असे म्हटले जाते की मधला मार्ग म्हणजे दोन्हीकडचे नुकसान. ज्याला ट्रॅकची आवड आहे त्याने गाडी पूर्णपणे ट्रॅकचीच बनवावी. ज्याच्यापाशी दुसरी गाडी आणि ट्रेलर आहे त्याच्या बाबतीत हे म्हणणे मी मान्य करतो. परंतु ज्याची एकच गाडी आहे, आणि त्या गाडीत रात्री-अपरात्री घरातील आजारी माणसालाही न्यावे लागते, त्याला हा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे. फेरीच्या वेळेतून एक सेकंद कमी झाला नाही तर त्याचे काहीही बिघडत नाही. पावसात भिजलेल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबावा लागला असता चाक जमिनीला चिकटले नाही, तर बरेच काही बिघडू शकते, आणि ते केवळ त्याचेच नव्हे.

या ठिकाणी शासनाचेही कर्तव्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या मनाईचा कडक अर्थ लावला. अशा तरतुदीमागील हेतू योग्यच आहे. तथापि सुयोग्य स्प्रिंग-डॅम्परचा संच हा गाडीच्या मूलभूत स्वरूपातील बदल ठरतो की नाही, याचा फैसला सामान्य मालकाने कसा करावा? परिणामी चांगला माल आणि वाईट माल एकाच अंधारात विकला जातो. शिवाय खाजगी मोटारीच्या विम्यातून संघटित शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, ही गोष्ट अनेकांना ट्रॅकवर जाईपर्यंत ठाऊकच नसते. जर्मनीत, जेथे १९२७ साली सुरू झालेल्या न्यूर्बर्गरिंगच्या सुमारे २०.८ किलोमीटरांच्या जुन्या वळणवाटेवर ठरावीक वेळी कोणीही पैसे भरून आपली गाडी चालवू शकतो, तेथे अशा संचासोबत तांत्रिक संस्थेचा दाखला येतो; तो बसवल्यावर अधिकृत तपासनीस गाडी पाहतो आणि बदलाची नोंद गाडीच्या दस्तऐवजांत होते. त्या देशाचे रस्ते आपल्याला उसने आणता येणार नाहीत, पण ही व्यवस्था आणता येईल. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही मोटारींची कसून परीक्षा करणारी संस्था १९६६ पासून उभी आहे. सस्पेंशनच्या सुट्या संचांची चाचणी घेऊन दाखला देण्याची आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयात त्याची रीतसर नोंद करून घेण्याची तजवीज करणे अशक्य नाही.

आणि अखेरचे आवाहन आपल्या उद्योजकांना आहे. १९६१ साली मुंबईत स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या कारखान्यांनी या देशाला गेली साठ वर्षे शॉक ॲब्सॉर्बर पुरवले आहेत. पुणे आणि चाकणच्या परिसरात स्प्रिंगा वळणारे, नळ्या घासणारे, सील बनवणारे कुशल हात मुबलक आहेत. भारतीय रस्त्याच्या खड्ड्यांचा हिशेब आधी करून, मग ट्रॅकसाठी दहा टप्पे राखून ठेवणारा, आलेखासह विकला जाणारा आणि येथेच दुरुस्त होणारा संच या मंडळींनी बनवावा. तो येईपर्यंत वाचकांना माझे सांगणे एवढेच : गाडी फार खाली आणू नका, आलेखाशिवाय डॅम्पर घेऊ नका, आणि ज्या रस्त्याने ट्रॅकवर जाता त्या रस्त्यावरून सुखरूप घरी येणे ही तुमच्या सस्पेंशनची पहिली परीक्षा माना.